एका दिवसास एक दिशा

सोलापुराहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, शहरापासून पाच-सहा कोसांवर, माझ्या मामांची शेतवस्ती आहे. काळ्याभोर रानाच्या मधोमध दगडी जोत्यावर उभे असलेले माळवदाचे घर, पुढे शेणाने सारवलेले ऐसपैस अंगण, अंगणाच्या कडेला कडुलिंब आणि त्याच्या पलीकडे विहीर, एवढाच तिचा थाट. परंतु मार्गशीर्ष सरून पौष लागला, शाळूच्या कणसांत दूध भरून दाणा टचटचीत झाला, की मुंबई-पुण्याकडे पांगलेले आमचे गणगोत आठ दिवसांची रजा काढून याच अंगणात उतरते आणि दिवसभर चहूकडे हिंडून सायंकाळी पुन्हा इथेच जमते, ही वहिवाट एका पिढीहून अधिक काळ चालत आलेली आहे. पाय धुऊन ओसरीवर टेकले, की चुलीपुढून उठून मामी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात : "काय बघितलाव आज?" प्रवासाच्या आखणीविषयी मला जे काही उमगले, ते या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना उमगले.

एका ठिकाणी बिऱ्हाड मांडून रोज निराळ्या वाटेने फिरून यावे, ही रीत इतर देशांतही रुजलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सातील खेडी ओस पडू लागली आणि शेतकऱ्यांची जुनी दगडी घरे कुलपात पडून राहिली. दुसरीकडे १९३६ च्या कायद्याने पगारी रजेचा हक्क मिळालेल्या शहरी कामकऱ्यांना थोडक्या खर्चात मुलाबाळांसह राहण्याजोगी जागा मिळेना. या दोन अडचणींची सांगड घालून १९५१ साली आल्प्सच्या प्रोव्हान्सकडील भागात पहिले 'झीत', म्हणजे पाहुण्यांना भाड्याने द्यावयाचे ग्रामीण घर, सुरू झाले आणि १९५५ मध्ये अशा घरांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. कुटुंबाने आठवडाभर तेथे राहावे, सकाळी शिदोरी घेऊन एखादा किल्ला, मठ किंवा बाजाराचे गाव पाहून यावे आणि रात्री आपल्याच चुलीवर शिजवून जेवावे, अशी तिकडची रीत. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषिपर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले असून आपल्याकडेही शेतावर मुक्काम करण्याची सोय आता पुष्कळ ठिकाणी झाली आहे. ज्यांना मामाचे शेत नाही त्यांचीही यामुळे अडचण उरलेली नाही. उणीव आहे ती विचारपूर्वक आखणीची.

तीन देव आणि एक दिवस

ही उणीव आम्हीही एकदा भोगली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या आमच्या वृद्ध आत्यांना अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर ही तिन्ही स्थाने एकाच दिवसात घडवावयाची, असा बेत आम्ही उत्साहाच्या भरात केला. सोलापूर हे या तिन्हींच्या मध्यभागी असल्याने नकाशावर तो सुलभ दिसत होता. परंतु पहाटे चारला निघून रात्री साडेदहाला परतेपर्यंत तीनशेवर किलोमीटरांची रपेट झाली, तिन्ही ठिकाणी रांगेत तिष्ठावे लागले, आणि जेवण गाडीतच उरकावे लागले. त्या रात्री मामींनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा आत्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "हात जोडायला मिळाले ग, पण डोळे भरून काही पाहायला मिळालं नाही." त्या वाक्याने आम्हा सर्वांच्या माना खाली गेल्या.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला : एका दिवसास एक दिशा. एका दिशेला वाटेवर दोन स्थळे असतील तर ती अवश्य पाहावीत; परंतु पूर्वेला गेलेल्या गाडीने त्याच दिवशी पश्चिम गाठू नये. त्याला जोडून दुसरा नियम असा, की जाण्यायेण्यात जितका वेळ मोडतो, निदान तितका तरी वेळ त्या स्थळी घालविता आला पाहिजे. तो मिळत नसेल तर ते स्थळ एका दिवसाच्या फेरीचे नव्हे, मुक्कामाचे आहे असे समजावे. तिसरा नियम दिवेलागणीपूर्वी परतण्याचा. हंगामात या जिल्ह्यातील रस्त्यांवरून उसाने शिगोशीग भरलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागलेली असते आणि त्यांतील कित्येकांच्या मागे दिवाही नसतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नियमाचे कारण सांगावे लागत नाही.

देवांचे वार

आखणीस बसताना आधी पंचांग उघडावे आणि नकाशा मागाहून. या मुलखातील गर्दी वारांवर आणि तिथींवर चालते. तुळजापुरास मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा, अक्कलकोटास आणि गाणगापुरास गुरुवार, पंढरपुरास एकादशी, शिवालयांस सोमवार आणि अमावास्या. ज्याला त्या गर्दीतच भक्तीचा प्रत्यय येतो त्याने त्याच वारी जावे, त्याचा आनंद मोठा आहे; परंतु म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील, किंवा देवळाचे शिल्प निवांत न्याहाळावयाचे असेल, तर तो वार कटाक्षाने टाळावा. ऋतूचा विचारही तितकाच अगत्याचा. चैत्र-वैशाखात येथील पारा चाळिशीच्या पार जातो आणि दुपारचे चार तास सावलीतच बसावे लागते. नळदुर्गचा धबधबा पाहावयाचा तर पावसाळाच गाठावा लागतो. हुरडा, मोकळे आकाश आणि थंडीची सकाळ ही तिन्ही एकत्र हवी असतील, तर डिसेंबर-जानेवारीला पर्याय नाही. त्यातही मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. बाराव्या शतकातील या शिवयोग्याने स्थापिलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करण्यासाठी सात उंच नंदीध्वज खांद्यावर घेऊन शहरभर मिरवणूक निघते, ती पाहण्यास एक दिवस राखूनच ठेवावा.

शिदोरीची चिंता या भागात करावी लागत नाही. कडक भाकरी ही सोलापूरची खास चीज : पापडासारखी खुटखुटीत, कित्येक दिवस न बिघडणारी. तिच्याबरोबर कुटलेल्या शेंगांची तिखट चटणी, दह्याचा डबा आणि गुळाचा खडा घेतला, की पाच माणसांचे दुपारचे जेवण एका फडक्यात मावते.

आठ दिवसांची आखणी

रविवारी सायंकाळी मुक्कामी पोहोचावे आणि सोमवारी कोठेही लांब जाऊ नये. प्रवासाचा शीण उतरावयास एक दिवस लागतो आणि सभोवतालची माती ओळखीची होण्यासही तितकाच. आमच्या वस्तीपासून नान्नजचे माळरान जवळच आहे. १९७९ साली येथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य स्थापन झाले. तो उंच मानेचा, राजस चालीचा पक्षी आता दृष्टीस पडणे अतिदुर्लभ झाले आहे, ही गोष्ट मनाला लागते; माळ नांगरले गेले, आणि ज्या उघड्या गवताळ भूमीला आपण पडीक म्हणून हिणविले तीच त्याचे घर होती, हे आपल्या फार उशिरा ध्यानात आले. तरीही वनखात्याची परवानगी काढून सकाळी लवकर गेल्यास काळविटांचे कळप, क्वचित लांडगा, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिसतात.

त्याच संध्याकाळी हुरडा. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणून त्यात गोवऱ्या रचतात आणि पेटवून त्यांचा रसरशीत विस्तव झाला, की कोवळी कणसे आगटीत खुपसतात. भाजलेले कणीस बाहेर काढल्यावर ते गरम असतानाच दोन्ही तळव्यांत धरून चोळावे लागते. ज्याचे हात या कामाला सरावलेले नाहीत त्याचे तळवे पोळतात आणि अर्धे दाणे कणसातच राहतात. मामा मात्र एकाच पिळ्यात सगळे कणीस मोकळे करतात, ओंजळीतल्या दाण्यांवर हलकी फुंकर घालून कोंडा उडवितात आणि हिरवेगार, वाफाळते दाणे समोरच्याच्या पुढ्यात ओततात. याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेले 'मालदांडी ३५-१' हे शाळूचे वाण दख्खनभर पसरले आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, या गोष्टी आगटीपुढे बसून ऐकल्या म्हणजे त्यांचा अर्थ उमजतो.

मंगळवारी तुळजापुरास गर्दी, म्हणून आपण दक्षिणेस वळावे. सोलापुरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर भीमा आणि सीना यांचा संगम आहे. त्या काठच्या हत्तरसंग-कुडल येथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर यांची प्राचीन मंदिरे उभी आहेत. हरिहरेश्वराच्या आवारात ३५९ लहान मुखे कोरलेले एक विलक्षण शिवलिंग आहे, ते मोजू लागले की मुलांचा अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. परंतु माझे पाय दर वेळी खिळतात ते संगमेश्वराच्या मंडपात, एका दगडी तुळईखाली. मान उंच करून पाहिले, की त्या तुळईवर कोरलेली अक्षरे दिसतात. प्रथम नुसते ओरखडे वाटतात, मग तिरप्या उजेडात हळूहळू वळणे धरू लागतात. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधला हा लेख. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि मराठीच्या अगदी आरंभीच्या कालनिर्देशयुक्त लेखांत त्याची गणना होते. त्याच्या अखेरच्या शब्दांचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी ज्याने ही अक्षरे कोरली त्याने वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन ठेवला आहे; तो घ्यावयास आपण तुळईखाली निदान घटकाभर उभे राहू नये काय? दुपारी संगमाच्या पायऱ्यांवर शिदोरी सोडावी आणि ऊन कलताच परत फिरावे.

बुधवार पूर्वेचा आणि ईशान्येचा. सकाळी लवकर निघून ४५ किलोमीटरांवरील तुळजापूर गाठावे. बालाघाटाच्या कुशीत वसलेल्या या क्षेत्री देऊळ रस्त्यापेक्षा खोलात आहे. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ यांजवळून पायऱ्या उतरत खाली जाताना डोंगराच्या पोटात शिरल्यासारखे वाटते. येथील भवानीची मूर्ती चल आहे, वर्षातून तीन वेळा तिला पलंगावर निद्रेसाठी नेतात, हे ऐकून नवख्या माणसास नवल वाटते. कोजागरी पौर्णिमेला सोलापुरापासून तुळजापूरपर्यंतचा सारा रस्ता रात्रभर पायी चालणाऱ्या भाविकांनी फुललेला असतो. तो दिवस गाडीवानांनी वर्ज्य मानावा.

दर्शन आटोपून गेल्या वाटेने परतण्याऐवजी सुमारे ३५ किलोमीटरांवरील नळदुर्गास जावे आणि तेथून हैदराबाद रस्त्याने सोलापुराकडे यावे, म्हणजे फेरी पुरी होऊन तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. नळदुर्गच्या तटबंदीपेक्षाही थोर करामत आहे ती बोरी नदीवरील बंधाऱ्याची. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, किल्ला आणि समोरचे रणमंडळ यांच्यामध्ये हा बंधारा घातला गेला आणि त्याच्याच पोटात 'पाणीमहाल' बांधण्यात आला. अरुंद जिन्याने आपण धरणाच्या आत उतरतो, भर दुपारीही अंधार व गारवा जाणवतो, आणि एकाएकी सज्जाच्या कमानीतून खाली नदीचे पात्र दिसू लागते. पावसाळ्यात बोरी भरून वाहू लागली, की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून कोसळणारे पाणी या सज्जासमोरून पडद्यासारखे उतरते आणि आत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर तुषार येतात, पण धार येत नाही. हिवाळ्यात पाणी नसते. मग दगडांचे जोडकाम तरी पाहावे. एकाच वास्तूकडून पाणी अडविणे, तटास संरक्षण देणे आणि डोळ्यांस सुख देणे अशी तिन्ही कामे करून घेणारा तो स्थपती केवढा रसिक असला पाहिजे! १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजी अंमलाखाली आला तेव्हा येथील कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला. ठगांवरील कादंबरीमुळे विलायतेत नावाजलेला हा लेखक जमाबंदीचे दप्तर सांभाळीत याच किल्ल्यात राहत होता.

गुरुवारी पश्चिमेस पंढरपूर, अर्थात त्या दिवशी एकादशी नसेल तर. सोलापुरापासून ७२ किलोमीटरांचे हे अंतर दोन तासांत कापले जाते. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवावयाचे असेल तर रांगेस वेळ द्यावा; तितकी शक्ती नसेल तर मुखदर्शनाची निराळी रांग असते, तिने जाण्यात कमीपणा मानू नये. महाद्वारातील नामदेव पायरी, तिच्याजवळची चोखोबांची समाधी आणि वाळवंटातील पुंडलिकाचे मंदिर ही तीन स्थाने पाहताना, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी हरिजनांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून याच नगरीत प्राण पणास लावून उपोषण केले, हे मुलांना आवर्जून सांगावे. ज्या चोखोबांना हयातीत मंदिराबाहेर उभे राहावे लागले, त्यांच्या वारसांसाठी ते दार उघडण्यास सहा शतके लागली. आगगाडीची आवड असलेल्यांनी कुर्डुवाडीमार्गे यावे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी १८९७ पासून या भागात धावू लागली आणि १९०६ मध्ये पंढरपुरास पोहोचली. आता तेथे रुंद रूळ आले आहेत, तरी जुनी माणसे तिच्या आठवणी काढल्याखेरीज राहत नाहीत.

लांबच्या दिवसामागून लांबचा दिवस ठेवू नये, म्हणून शुक्रवारी अक्कलकोट. अवघे ४० किलोमीटर अंतर. गुरुवारची गर्दी ओसरलेली असते. स्वामी समर्थांनी येथे सुमारे २२ वर्षे वास्तव्य केले आणि १८७८ साली समाधी घेतली. ज्या वडाखाली ते बसत त्या वटवृक्षाचे मंदिर आणि समाधिमठ ही दोन्ही पाहून अन्नछत्रात प्रसाद घ्यावा. संस्थानाच्या जुन्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहही पाहण्यासारखा आहे. दुपारपर्यंत परत येऊन उरलेला वेळ विहिरीवर आणि झाडाखाली काढावा. या रिकाम्या दुपारीच आदल्या चार दिवसांत पाहिलेले मनात मुरते.

शनिवारी दक्षिणेचा मोठा पल्ला, विजापूर. सुमारे १०० किलोमीटर जाताना गावांच्या पाट्यांवरील अक्षरे मराठीतून कन्नडात कधी शिरली हे ध्यानातही येत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच पेठेत ऐकणाऱ्या सोलापूरकरास त्याचे अप्रूप वाटू नये. १६५६ मध्ये निवर्तलेल्या मुहम्मद आदिलशहाच्या गोलघुमटाचा बाह्य व्यास ४४ मीटर असून आतल्या सज्जात एका बाजूस कुजबुजलेला शब्द पलीकडच्या बाजूस स्पष्ट ऐकू येतो; सकाळी शाळांच्या सहली येण्याआधी गेल्यासच हा अनुभव येतो. इब्राहिम रोझाची नाजूक जाळी दुपारच्या उन्हात पाहावी आणि अखेरीस मुलुख-मैदान तोफेपाशी यावे. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली ही तोफ आधी परांड्याच्या किल्ल्यावर होती, तेथून १६३२ मध्ये विजापुरास आणली गेली. निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात आपले सोलापूर किती वेळा हातोहात फिरले आणि चांदबिबीच्या लग्नात ते आंदण म्हणून कसे दिले गेले, हे त्या तोफेच्या थंड धातूवर हात ठेवल्यावर नीट कळते.

या यादीत मी तेर घातलेले नाही, याची मला जाणीव आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात 'तगर' म्हणून उल्लेखिलेली ती व्यापारी नगरी, तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर, लामतुरे वस्तुसंग्रहालय आणि गोरोबाकाकांची समाधी यांना स्वतंत्र दिवस द्यावयास हवा. सगळेच एका खेपेत पाहिले तर पुढच्या पौषात यावयास निमित्त उरणार नाही.

आत्यांची दुसरी खेप

त्या फसलेल्या बेतानंतर पुढच्याच वर्षी आत्या पुन्हा आल्या. या वेळी आम्ही त्यांना फक्त पंढरपुरास नेले. मुखदर्शन घेऊन झाल्यावर त्या चंद्रभागेच्या घाटावर पायरीवर बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, तुम्ही काय पाहायचं ते पाहून या. दोन तासांनी परतलो तेव्हा त्या तिथेच, तशाच बसलेल्या होत्या.

सायंकाळी मामींनी विचारले, "काय बघितलाव आज?" आणि आत्या बोलू लागल्या. नदीत उभी राहून सूर्याला अर्घ्य देणारी एक लेकुरवाळी, तिच्या कडेवरचे पोर आईची ओंजळ आपल्याकडे ओढीत होते. बुक्का विकणारा एक म्हातारा, गिऱ्हाईक नसताना स्वतःच्याच कपाळाला बोट लावून घेत होता. आणि होडीत चढताना एका वारकरी बाईने आपली वहाण काढून हातात घेतली, नदीला पाय लागू नये म्हणून. चूल विझत आली, जेवणे खोळंबली, मुले आत्यांना खेटून बसली, आणि पाहता पाहता त्या अंगणात चंद्रभागा वाहू लागली. आदल्या वर्षी तीन देवळे पाहून ज्या गप्प बसल्या होत्या, त्यांच्यापाशी एका घाटाचे इतके सांगण्यासारखे होते.

आता दरवर्षी वही घेऊन आखणीस बसतो तेव्हा प्रत्येक दिवसापुढे अंतर, वार आणि निघण्याची वेळ लिहून झाल्यावर मी स्वतःला मामींचा प्रश्न विचारतो. त्या दिवशी घाटावर दोन तास बसता येईल इतकी जागा वहीत मोकळी राहिली असेल, तरच तो बेत कायम करतो.